कॉर्ड सोडल्यावर काय धरायचं? मुक्त वादनाकडे वळणाऱ्या सॅक्सोफोनवादकांचे प्रश्न

जॅझ वाजवणाऱ्या वाचकांनी मुक्त वादनाबद्दल, म्हणजे फ्री इम्प्रोव्हायझेशनबद्दल, पाठवलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : बरीच वर्षं टेनर सॅक्सोफोन वाजवतो आहे. बीबॉप, स्टँडर्ड्स (जॅझवाल्यांना पाठ असलेल्या जुन्या धुना), कॉर्ड बदलांवरचा सोलो हे सगळं जमतं, पण त्याच त्या वळणांचा आता कंटाळा आला आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 'असेन्शन' ऐकल्यापासून मुक्त वादनाची ओढ लागली आहे. घोटलेले स्केल आणि कॉर्ड विसरायचे का? सुरुवात कुठून करू?

विसरायचे म्हटलं तरी विसरता येणार नाहीत, आणि त्याची गरजही नाही. ज्यांनी ही वाट पाडली त्यांनी एका वेळी एखाददुसरीच गोष्ट सोडलेली दिसते. लेनी ट्रिस्टानोच्या गटाने १९४९मध्ये ली कोनिट्झ आणि वॉर्न मार्श या दोन सॅक्सोफोनवादकांसह कुठलीही चाल, कॉर्ड किंवा लय आधी न ठरवता दोन तुकडे ध्वनिमुद्रित केले. वाद्यांचा आवाज मात्र त्यांच्या नेहमीच्या वादनासारखाच नितळ होता. ऑर्नेट कोलमनने १९५९मध्ये कॉर्डचं चक्र सोडलं, पियानोही सोडला, पण गुणगुणता येईल अशी धून, स्विंग आणि ब्लूजचा सूर ठेवला. 'जायंट स्टेप्स'मध्ये दर दोन मात्रांना कॉर्ड बदलणारा कोल्ट्रेन सहा वर्षांत, जून १९६५मध्ये, 'असेन्शन'पर्यंत पोचला आणि फेब्रुवारी १९६७मध्ये फक्त ड्रम्स सोबतीला घेऊन 'इंटरस्टेलर स्पेस' वाजवून गेला. तिथेही नीट ऐका : चार-पाच स्वरांची एक आकृती घेऊन तो ती वेगवेगळ्या स्वरांवरून फिरवत असतो. कॉर्ड गेले, आकृतीवरची मेहनत तशीच राहिली.

स्टीव्ह लेसीचं उदाहरण आम्हाला जास्त उपयोगाचं वाटतं. डिक्सीलँडपासून सुरुवात, मग सेसिल टेलरची साथ, मग थेलोनियस मंकच्या रचनांचा ध्यास, आणि १९६०च्या दशकाच्या मध्यावर पूर्ण मुक्त वादन. पुढे तो पुन्हा स्वतःच्या रचनांकडे आला आणि मुक्त वादनात सापडलेलं सगळं त्यात घेऊन आला. ही वाट एकेरी नाही. दोन्हीकडे जा-ये करता येते.

सरावासाठी तोंडपाठ असलेलं एक स्टँडर्ड घ्या. पहिला आठवडा मेट्रोनोम चालू ठेवा. धून एकदा सरळ वाजवा आणि मग तीन मिनिटं फक्त धुनेतल्या पहिल्या चार स्वरांमधली अंतरं वापरून वाजवा. बॅकिंग ट्रॅक नको. दुसऱ्या आठवड्यात मेट्रोनोम बंद करा. धुनेच्या ओळींचा क्रम तोच, पण एखादी ओळ पाच सेकंदांची, एखादी चाळीस सेकंदांची. तिसऱ्या आठवड्यात धुनेतला एकच स्वर उचला आणि तीन मिनिटं त्याच स्वरावर काढा : हवा जास्त-आवाज कमी, पर्यायी फिंगरिंग (तोच स्वर बोटांच्या वेगळ्या ठेवणीने), गुरगुर, जिभेचे वेगवेगळे आघात, अगदी बारीक ते पूर्ण जोर. कंटाळवाणं वाटेल, पण खरं काम याच आठवड्यात होतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे डोक्यातले कॉर्ड चालूच राहतात. दर आठ बारांनी वाक्य आपोआप 'घरी' येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा स्टँडर्डच वाजवतोय, फक्त चुकीच्या स्वरांनी. उपाय साधा आहे. वाक्यं ५, ७, ११ मात्रांची करा आणि शेवटचा स्वर लांबवण्याऐवजी मध्येच तोडा. दुसरी चूक म्हणजे पहिल्या दिवसापासून किंचाळ्या मारणं. अल्बर्ट आयलरचा आवाज कानात असतो म्हणून तसं होतं, पण त्या किंचाळीखाली त्याचा भरघोस, साध्या लोकधुनेसारखा सूर असतो. तो नसला की उरतो नुसता गोंगाट.

प्रश्न : मल्टिफोनिक्सचा, म्हणजे एका वेळी अनेक स्वर काढण्याचा, छापील तक्ता घेऊन बसलो, पण निम्मी फिंगरिंग माझ्या टेनरवर बोलतच नाहीत. कधी एकच स्वर येतो, कधी नुसती खरखर. दोष वाद्यात की माझ्यात?

आधी वाद्य तपासा. अंधाऱ्या खोलीत नळीत एलईडीची बारीक पट्टी सोडा आणि की अगदी हलक्या हाताने बंद करा. छिद्र झाकणाऱ्या पॅडच्या कडेने उजेड दिसला तर तिथून हवा गळते आहे. साध्या स्वराला जोर लावून गळती झाकता येते, मल्टिफोनिकमध्ये ती लगेच उघडी पडते. खालचा बी फ्लॅट अगदी हळू आवाजात, न थरथरता निघत नसेल तर तक्ता मिटून वाद्य दुरुस्तीला द्या.

वाद्य ठीक असेल तर तक्त्याकडे बघा. तो कुठल्या सॅक्सोफोनसाठी आहे? अल्टोचं फिंगरिंग टेनरवर चालेलच असं नाही, कारण नळीची आणि छिद्रांची प्रमाणं वेगळी असतात. एकाच जातीच्या दोन मेकमध्येही पॅड किती उंच उघडतात यावर निकाल बदलतो. म्हणून निम्मी फिंगरिंग बोलली हा निकाल आमच्या मते चांगलाच आहे.

आता हे घडतं कसं ते थोडक्यात. नेहमीच्या फिंगरिंगमध्ये एका ठिकाणाखालची छिद्रं उघडी आणि वरची सगळी बंद असतात. नळीतले अनुनाद साधारण १, २, ३ या पटीत बसतात आणि रीड (माउथपीसवरची थरथरणारी पातळ पट्टी) त्यांच्याशी जुळवून एक स्वर देते. खाली सगळं बंद ठेवून मध्येच एक छिद्र उघडलं की पटीत न बसणारे दोन अनुनाद तयार होतात. समजा एक ३०० हर्ट्झचा आणि दुसरा ४४० हर्ट्झचा. रीड दोन्हींच्या कह्यात जाते आणि त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येतात : १४०, ७४० आणि आणखी काही. तो खडबडीत गुच्छ म्हणजेच मल्टिफोनिक. दोन्ही अनुनादांना सारखं पोसायचं काम घशाचं आणि जिभेच्या मागच्या भागाचं. ओठ आवळले की वरचा स्वर एकटा निसटतो, फुंक ढिली पडली की खालचा एकटा उरतो.

घशाचं हे वळण येतं उपस्वरांच्या, म्हणजे एकाच फिंगरिंगवर निघणाऱ्या वरच्या स्वरांच्या, सरावातून, दुसरी पळवाट नाही. खालच्या बी फ्लॅटचं फिंगरिंग धरा आणि बोटं न हलवता क्रमाने काढा : बी फ्लॅट, त्याचा वरचा बी फ्लॅट, एफ, पुन्हा बी फ्लॅट, डी, एफ. (हे सगळे लिहिलेले स्वर.) त्यानंतरचा सातवा, ए फ्लॅट, पियानोच्या स्वरापेक्षा सुमारे ३१ सेंट (सेंट म्हणजे पियानोवरच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. तो तसाच राहू द्या, ओठांनी ओढू नका. तिसरा उपस्वर एफ आधी नेहमीच्या फिंगरिंगने वाजवा, घसा होता तसाच ठेवून बोटं खालच्या बी फ्लॅटवर आणा. स्वर तुटला नाही तर घसा बरोबर आहे. रोज दहा मिनिटं पुरे. दोन महिन्यांत तक्त्यातली बरीच गप्प फिंगरिंग बोलू लागतील.

मग तक्ता बाजूला ठेवून स्वतःची फिंगरिंग शोधा. खालच्या सीचं फिंगरिंग धरा आणि एका वेळी एकच बोट उचला. उजव्या हाताची तर्जनी उचलून मधलं बोट आणि अनामिका दाबलेली ठेवली तर फक्त एफचं पॅड उघडतं. एफ शार्पचं पॅड बंदच राहतं, कारण उजव्या हाताची तिन्ही बोटं स्वतंत्रपणे ते बंद करतात. अशा जागा मल्टिफोनिकला सुपीक असतात. सापडलेल्या प्रत्येकाची नोंद वहीत करा : फिंगरिंग, रीडची ताकद, किती जोरात बोलतं, आणि जिभेच्या आघाताने सुरू होतं की फक्त हवेने. शेवटची नोंद बहुतेक जण करत नाहीत आणि कार्यक्रमात तिथेच फसतात. बरीच मल्टिफोनिक्स आघाताने फुटतात आणि फुंक हळूहळू वाढवली तरच उमलतात.

प्रश्न : इव्हान पार्करचं सोप्रानोवरचं एकल वादन ऐकलं. श्वास न तोडता दोन-तीन ओळी एकाच वेळी चालल्यासारख्या वाटतात. अखंड श्वास कसा शिकायचा? गाल फुगवले की माझा सूर खाली घसरतो.

अखंड श्वास आणि एकाच वेळच्या अनेक ओळी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आधी श्वास.

पहिली पायरी वाद्याशिवाय. गालात हवा भरा, ओठांतल्या बारीक फटीतून ती गालांच्या दाबाने बाहेर सोडा आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्या. दुसरी पायरी : अर्धा ग्लास पाणी आणि बारीक नळी. बुडबुडे थांबता कामा नयेत. रुंद नळी घेतली तर तोंडातली हवा लगेच संपते. तिसरी : माउथपीस आणि नेक. चौथी : मधल्या सप्तकातला एखादा सोपा स्वर. खालचे स्वर शेवटी घ्या, त्यांना हवा जास्त लागते आणि तोंडात मावते ती जेमतेम क्षणभराची. सोप्रानो हवा कमी खातो, म्हणून या कामात टेनरपेक्षा सोपा जातो.

सूर घसरतो तो गाल पूर्ण फुगवल्याने. ओठांचे कोपरे ढिले पडतात आणि रीडवरची पकड सुटते. कोपरे घट्ट ठेवा, हवा खालच्या ओठामागे आणि गालांच्या मागच्या भागात थोडीच साठवा आणि ती मुख्यतः जिभेने पुढे ढकला. दुसरं कारण वेळेचं. फुप्फुसं रिकामी झाल्यावर श्वास घ्यायला जाल तर मोठा श्वास लागतो आणि तोंडातली हवा तेवढा वेळ पुरत नाही. अर्धी हवा शिल्लक असतानाच छोटे छोटे श्वास घ्या. सुरुवातीला सरळ लांब स्वराऐवजी ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची झपाट्याने अदलाबदल) वाजवा, जोड झाकला जातो आणि हिंमत येते. काही मिनिटांनी छाती भरलेली असूनही गुदमरल्यासारखं होतं, कारण वापरलेली हवा आत साचते. अशा वेळी दोन-तीन श्वास मुद्दाम कमी घ्या आणि आतली हवा खाली होऊ द्या. चक्कर आली तर थांबा, बसा.

आता त्या अनेक ओळी. पार्करने १९७५पासून जाहीर एकल वादन सुरू केलं आणि १९७८च्या 'मोनोसेरॉस'मध्ये ही पद्धत पूर्ण पिकलेली ऐकू येते. डाव्या-उजव्या हाताच्या बोटांचे वेगवेगळ्या लांबीचे फेरे, जिभेचा दुहेरी आघात आणि उपस्वरांमध्ये सतत उड्या. सेकंदाला दहाच्या आसपास स्वर झाले आणि उंच-खाली अंतर मोठं असलं की कान उंच स्वरांची एक ओळ आणि खालच्यांची दुसरी ओळ अशी वाटणी आपोआप करतो. सराव असा : डाव्या हाताला तीन हालचालींचा फेरा, उजव्याला चारचा. दोन्ही बारा हालचालींनी पुन्हा जुळतात. आधी ६०च्या लयीत मात्रेला एक हालचाल, स्वर कोणता येतो याची फिकीर न करता. बोटं स्वतंत्र झाल्यावरच वेग वाढवा, नाहीतर दोन्ही हात एकमेकांच्या मागे धावू लागतात.

प्रश्न : यासाठी वेगळं माउथपीस घ्यावं का?

सहा महिने घेऊ नका. आहे त्यावर रीड बदलून पाहा. नेहमी ३ नंबरची वापरत असाल तर २½चीही एक ठेवा. मऊ रीडवर मल्टिफोनिक्स, सबटोन (हवेशीर, हळू स्वर) आणि स्लॅप (जिभेचा टक असा आघात) सोपे जातात, कडक रीडवर अतिउंच स्वर जास्त भरवशाचे येतात. सिंथेटिक रीड रोज सारखीच वागते, त्यामुळे वहीतल्या नोंदी खऱ्या ठरतात. स्लॅप अजिबात जमत नसेल तर रीड पालथी करून काचेवर ठेवा. ती डुलत असेल तर तळ वाकडा झाला आहे आणि जिभेची चिकट पकड बसणारच नाही. स्लॅप फुंकेने होत नाही, जीभ रीडला चिकटवून झटकन खाली ओढल्याने होतो, हे त्याच बैठकीत तपासून घ्या.

प्रश्न : मुक्त वाजवायचं ठरवलं तरी पाच मिनिटांत हात जुन्या चार्ली पार्करी तुकड्यांकडे वळतात. ते टाळले तर सुचतच नाही.

'काहीही वाजव' अशी मोकळीक दिली की बोटं पाठ असलेलंच वाजवतात. यात तुमचा दोष नाही. अँथनी ब्रॅक्स्टनने यावर जी तोड काढली ती अजूनही सर्वांत व्यवहार्य आहे. त्याने आवाजाचे बारा प्रकार ठरवले : लांब स्वर, आघात दिलेले लांब स्वर, ट्रिल, तुटक ओळी, मोठ्या अंतरांच्या उड्या, मल्टिफोनिक्स, आखूड आघात वगैरे. एका तुकड्यात त्यातला एखादाच मुख्य प्रकार घ्यायचा. १९६९मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या त्याच्या 'फॉर अल्टो'त साथीला कुणीच नाही. केवळ एकट्या अल्टोवर दोन एलपी भरल्या आहेत आणि कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक तुकड्याचं कुंपण वेगळं आहे.

तुम्ही तीन प्रकार निवडा आणि दोन-दोन मिनिटांचे तुकडे घड्याळ लावून वाजवा. नियम एकच : जुना तुकडा निसटलाच तर दचकून थांबू नका, त्यातले दोन स्वर धरा आणि ठरलेल्या प्रकारात घोळवा. टाळण्याच्या नादात सगळं लक्ष नको त्या गोष्टीवरच राहतं. शेवट करण्याचाही वेगळा सराव हवा. दोन मिनिटांचा गजर झाल्यावर पुढच्या दहा सेकंदांत थांबायचं, विरत जायचं नाही. मुक्त वादनातली लांबण बहुतेक वेळा शेवट न सुचल्यामुळे असते. ध्वनिमुद्रण त्याच दिवशी ऐकू नका. वाजवतानाचा आवेश उतरायला एक रात्र जाऊ द्या.

प्रश्न : आमचा चौघांचा गट आहे : सॅक्सोफोन, गिटार, बेस, ड्रम्स. सुरुवात कशीही करा, दहाव्या मिनिटाला चौघेही पूर्ण जोरात असतो. 'असेन्शन'मध्ये अकरा जण असूनही असं का होत नाही?

कारण 'असेन्शन'ला सांगाडा आहे. सगळ्यांचा एकत्र भाग, मग एकाचा सोलो, पुन्हा एकत्र, मग पुढचा. कोलमनच्या 'फ्री जॅझ'मध्येही (डिसेंबर १९६०, दोन चौकड्या, सुमारे ३७ मिनिटं) सोलोंच्या मध्ये आधी ठरवलेले एकत्र तुकडे येतात. एवढंच काय, धुडगूस म्हणून नावाजलेल्या पीटर ब्रोट्झमनच्या 'मशीन गन'मध्येही (मे १९६८, आठ वादक) ठरवून घेतलेले भाग आहेत. सांगाड्याशिवाय वाजवायचं तर त्याची जागा कानाला घ्यावी लागते.

लंडनमध्ये १९६६पासून पुढे बरीच वर्षं स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल हा मुक्त वादनाचा गट चालवलेले दिवंगत ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स यांचे दोन पाठ याच रोगावर आहेत. एकात प्रत्येकाने आपल्या वाद्यातून निघू शकेल तितका आखूड आवाज काढायचा, आपापल्या गतीने, आणि इतरांच्या टिंबांमध्ये आपलं टिंब कुठे पडतंय ते ऐकायचं. दुसऱ्यात एका श्वासाएवढा लांब, हळू स्वर, तो संपला की श्वास घेऊन पुढचा. ड्रमवाल्याने झांजेवर गज फिरवावा किंवा हळू रोल द्यावा. प्रत्येकी दहा मिनिटं. आखूड आवाजांच्या पाठात लोक नकळत एका ठेक्यावर येतात. ते झालं की थांबून पुन्हा सुरू करा.

याला आमची एक जोड : बारा मिनिटांच्या वादनात प्रत्येकाने किमान चार मिनिटं गप्प राहायचं, केव्हा ते ज्याचं त्याने ठरवायचं. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण ऐकताना कागदावर मिनिटवार चार रेघा ओढा आणि कोण कुठे वाजवतोय ते भरा. चारही रेघा सलग भरलेल्या दिसल्या की वेगळं समजवावं लागत नाही. एक खबरदारी : ड्रम्सच्या अगदी समोर उभे राहू नका. सॅक्सोफोनवाल्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो फुंक वाढवतो, मग गिटार अँप वाढवते, आणि तुमचं दहावं मिनिट पाचव्यालाच येतं.

प्रश्न : फोनवर केलेल्या ध्वनिमुद्रणात मोठे आवाज फाटतात आणि हवेचे, कीचे बारीक आवाज गायब होतात.

फोन आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करतो, तिथेच घोळ आहे. पातळी हाताने ठरवता येईल असं साधन घ्या, २४ बिटवर ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज वाजवून तो उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं लावा. माइक बेलच्या, म्हणजे वाद्याच्या पसरट टोकाच्या, तोंडात नको. सॅक्सोफोनचा आवाज उघड्या छिद्रांतूनही येतो, बेलमधून मुख्यतः सर्वांत खालचे स्वर. दोन्ही हातांच्या मधल्या भागावर रोख धरून ५० ते ६० सेंटिमीटरवर ठेवा. फक्त कीचे आणि हवेचे आवाज हवे असतील तर २० सेंटिमीटरपर्यंत या, पण त्या जागी पूर्ण जोराचा तुकडा वाजवायचा नाही. दोन्ही लागत असेल तर दोन माइक, दोन वेगळ्या पातळ्या.

प्रश्न : तासभर अतिउंच स्वर आणि किंचाळ्या वाजवल्या की ओठ सोलवटतो, कानात शिट्टी वाजते. सवय होईल का?

ओठाला थोडी होईल, कानाला होणार नाही. कामाच्या जागी वापरली जाणारी एक मर्यादा अशी : ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. लहान खोलीत सॅक्सोफोन सहज तिथे पोचतो. वादकांसाठी मिळणारे, सगळ्या पट्टीत सारखा आवाज कमी करणारे १५ डेसिबलचे प्लग घाला. फोमचे प्लग वरचे स्वर जास्त खातात आणि मग तुम्ही नकळत आणखी चावून वाजवता. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

ओठ सोलवटतो कारण उंच स्वर चावून काढले जातात. उपस्वरांचा सराव वाढला की चावणं कमी होतं. तोवर अतिउंच स्वर सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त नकोत आणि त्यानंतर तेवढाच वेळ खालच्या सप्तकात हळू आवाजात काढा. खालचे दात थेट रीडवर टेकवून काढायच्या किंचाळ्या आठवड्यातून एखाद्या दिवशी, जुन्या रीडवर करा. चांगल्या रीडचं टोक त्याने एका बैठकीत वाया जातं.